धावणं हा उपचार कसा झाला, आणि त्यात सोबत कशाला लागते?

"डॉक्टर, व्यायाम करा हे मला सगळेच सांगतात. पण सकाळी अंथरुणातून उठायचंच जिवावर येतं, तर धावणार कुठून?"

नैराश्याच्या रुग्णांकडून हे वाक्य वारंवार ऐकायला मिळतं. ही सबब नसते. उत्साह आटणं, साध्या कामाचाही डोंगर वाटणं आणि चार माणसांत जाऊ नये असं वाटणं ही नैराश्याची लक्षणंच आहेत. म्हणजे ज्या उपचाराने बरं वाटणार, तो घेण्याची ताकदच हा आजार काढून घेतो. त्यात घरातले म्हणतात, "जरा मनावर घे की!" रुग्ण आणखी खचतो. आजार असतो तो असतोच, वर 'मला साधं चालायलाही जमत नाही' हा अपराधीपणा येऊन बसतो.

या अडचणीतून वाट कशी निघत गेली, हे आजच्या लेखात सांगणार आहे. गोष्ट मुख्यतः गेल्या पन्नास वर्षांतली आहे. तिच्यात एक वजन वाढलेला मनोविकारतज्ज्ञ आहे, नोकरी गेलेला एक माणूस आहे, पहाटे एकटी धावणारी एक तरुणी आहे आणि एक न्यायाधीशही आहे. ही माणसं एकमेकांपासून दूर, वेगवेगळ्या काळात काम करत होती. पण त्यांच्या अनुभवातून मिळणारा धडा तुमच्या-आमच्या रोजच्या उपयोगाचा आहे.

लेख सुरू करण्याआधी एक विनंती. तुम्ही मानसिक आजारासाठी गोळ्या घेत असाल तर हा लेख वाचून त्या बंद करू नका. का, ते पुढे येईलच.

आधी सल्ला उलटाच होता

मन आजारी असेल तर माणसाला हवेत फिरवावं, हाताला काम द्यावं, चार माणसांत ठेवावं, हा विचार तसा जुना आहे. १७९६ साली इंग्लंडमधल्या यॉर्क शहरात विल्यम ट्यूक या व्यापाऱ्याने 'यॉर्क रिट्रीट' नावाचं घर उघडलं. त्या काळी मनोरुग्णांना साखळ्यांनी बांधून ठेवलं जाई. ट्यूकच्या घरात साखळ्या नव्हत्या. रुग्णांना बागकाम होतं, फिरायला जाणं होतं, सगळ्यांबरोबर बसून जेवण होतं.

पुढे वारं फिरलं. १८७० च्या दशकात अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरातले मज्जाविकारतज्ज्ञ सायलस वेअर मिचेल यांचा 'विश्रांती उपचार' गाजला. थकलेल्या, उदास रुग्णांना, विशेषतः स्त्रियांना, कित्येक आठवडे अंथरुणात झोपवून ठेवायचं. भरपूर दूध प्यायला द्यायचं, अंग चोळून द्यायचं. वाचन बंद, लेखन बंद, भेटायला येणारी माणसं बंद. शार्लट पर्किन्स गिलमन या लेखिकेने १८८७ साली हा उपचार घेतला आणि तिची अवस्था आणखी बिघडली. त्या अनुभवावर तिने लिहिलेली कथा आजही वाचली जाते.

आज मागे वळून पाहिलं तर लक्षात येतं की त्या उपचारात दोन गोष्टी काढून घेतल्या जात होत्या: हालचाल आणि माणसं. नैराश्यही नेमक्या याच दोन गोष्टी काढून घेतं. आजार जे करतो तेच उपचारही करत होता! 'तिला त्रास देऊ नका, पडू दे खोलीत' असं आपण घरात म्हणतो, तेव्हा आपणही नकळत तेच करत असतो.

डॉक्टर स्वतः धावू लागले

१९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या फ्रँक शॉर्टरने मॅरेथॉनचं सुवर्णपदक जिंकलं आणि अमेरिकेत सामान्य माणसं रस्त्यावर धावू लागली. त्याच सुमारास सॅन डिएगो शहरात थॅडियस कोस्ट्रुबाला नावाचे मनोविकारतज्ज्ञ होते. वय चाळिशीचं, वजन बरंच वाढलेलं, प्रकृतीची काळजी लागलेली. हृदयरोग्यांच्या एका पुनर्वसन गटाबरोबर ते धावू लागले. शरीर सुधारलंच, पण आपलं मनही बदलतंय हे त्यांना जाणवलं.

मग त्यांनी आपल्या रुग्णांना बरोबर घेतलं. आधी सगळ्यांनी मिळून धावायचं किंवा चालायचं आणि मग एकत्र बसून बोलायचं. एरवी मनोविकारतज्ज्ञ आणि रुग्ण समोरासमोर बसतात. इथे ते शेजारी शेजारी होते, दोघांनाही घाम आलेला, दोघांनाही धाप लागलेली. १९७६ साली कोस्ट्रुबाला यांनी या अनुभवांवर 'द जॉय ऑफ रनिंग' हे पुस्तक लिहिलं.

अर्थात एका डॉक्टरचा अनुभव हा पुरावा होत नाही. पुराव्याची पहिली पायरी विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या जॉन ग्रीस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रचली. सौम्य ते मध्यम नैराश्याच्या २८ रुग्णांवर त्यांनी एक छोटा अभ्यास केला आणि १९७९ मध्ये तो प्रसिद्ध झाला. काही रुग्णांना बोलण्याचे उपचार, म्हणजे मानसोपचार दिले. बाकीच्यांना धावायला नेलं. धावणाऱ्यांमध्ये झालेली सुधारणा मानसोपचार घेणाऱ्यांच्या तोडीची निघाली.

यातला एक तपशील पुढे फार महत्त्वाचा ठरणार आहे. या रुग्णांना 'रोज धावा' असा सल्ला देऊन घरी पाठवलेलं नव्हतं. त्यांच्याबरोबर धावायला एक माणूस होता.

गोळी आणि व्यायाम समोरासमोर

२८ रुग्णांवरून कुणाची खात्री पटणार नव्हती. मोठा अभ्यास अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात जेम्स ब्लुमेंथाल यांनी केला. तो १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. पन्नाशी ओलांडलेले, नैराश्याचं निदान झालेले १५६ जण त्यात होते. त्यांचे तीन गट केले. एका गटाला सर्ट्रालिन ही गोळी दिली. आपल्याकडेही ही गोळी नेहमी लिहून दिली जाते. दुसऱ्या गटाने आठवड्यातून तीन वेळा, देखरेखीखाली, गटात व्यायाम केला. तिसऱ्या गटाला गोळी आणि व्यायाम दोन्ही दिलं.

पहिल्या काही आठवड्यांत गोळीचा परिणाम लवकर दिसला. सोळा आठवड्यांनंतर मात्र तिन्ही गट जवळजवळ सारखेच सुधारलेले होते.

पुढची गोष्ट जास्त बोलकी आहे. जे बरे झाले होते त्यांचं दहा महिन्यांनी काय झालं, हे याच गटाने २००० साली प्रसिद्ध केलं. गोळीने बरे झालेल्यांपैकी ३८ टक्के लोकांचा आजार उलटला होता. व्यायामाने बरे झालेल्यांमध्ये हे प्रमाण फक्त ८ टक्के होतं. आठवड्याला ५० मिनिटांचा व्यायाम वाढला की त्यासोबत पुन्हा नैराश्यात जाण्याची शक्यता निम्म्याने कमी दिसत होती.

इथे थांबून एक खबरदारीची गोष्ट सांगतो. हे आकडे वाचून 'म्हणजे गोळी वाईट' असा निष्कर्ष काढू नका. व्यायाम चालू ठेवू शकला तो माणूस मुळातच जरा बऱ्या अवस्थेत असू शकतो. शिवाय या अभ्यासात तातडीचे, आत्महत्येच्या उंबरठ्यावरचे रुग्ण नव्हते. तीव्र नैराश्यात गोळी जीव वाचवते. कित्येकांना तर धावायला बाहेर पडण्याइतकं बळही गोळीमुळेच येतं.

आता तुम्ही विचाराल, "फायदा व्यायामाचा झाला की गटात भेटणाऱ्या माणसांचा?" हा प्रश्न ब्लुमेंथाल यांनाही पडला. म्हणून २००७ मध्ये त्यांनी २०२ जणांचा आणखी एक अभ्यास प्रसिद्ध केला. या वेळी चार गट होते. चार महिन्यांनी नैराश्यातून बाहेर आलेल्यांचं प्रमाण असं होतं: गटात व्यायाम करणारे ४५ टक्के, घरी एकट्याने व्यायाम करणारे ४० टक्के, गोळी घेणारे ४७ टक्के आणि औषध नसलेली खोटी गोळी घेणारे ३१ टक्के.

म्हणजे खरं सांगायचं तर एकट्याने केलेला व्यायामही उपयोगी पडतो. गटाचा फायदा त्याहून थोडा जास्त दिसला, पण फरक फार मोठा नव्हता. खोट्या गोळीनेही ३१ टक्के सुधारले, कारण काळ जातो, कुणीतरी विचारपूस करतं, आशा वाटू लागते, आणि या गोष्टीही माणसाला सावरतात. मग सोबतीचं एवढं महत्त्व का? त्याचं उत्तर या आकड्यांत नाही. ते पुढे, लोकांच्या अनुभवातून मिळालं.

शरीरात नेमकं काय होतं?

त्याआधी हा प्रश्न, कारण तो तुम्हाला पडलेला असणार. १९७५ मध्ये स्कॉटलंडमधल्या ॲबरडीन इथे जॉन ह्यूज आणि हान्स कॉस्टरलिट्झ यांनी मेंदूत तयार होणारी अफूसारखी द्रव्यं शोधून काढली. तो धावण्याच्या लाटेचाच काळ होता. लांब धावल्यावर येणारी धुंदी या 'एंडॉर्फिन'मुळे येते, हे लगेच सगळ्यांच्या तोंडी झालं. २००८ मध्ये जर्मनीत दहा धावपटूंना दोन तास धावायला लावून मेंदूची छायाचित्रं घेतली, तेव्हा त्याला आधारही मिळाला. पण २०२१ मध्ये आणखी एक प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यात धावपटूंना एंडॉर्फिनचा परिणाम अडवणारं औषध दिलं होतं, आणि तरी त्यांना तो आनंद झालाच! त्यामुळे आता भांगेतल्या द्रव्याशी साम्य असलेली, शरीर स्वतः बनवतं ती दुसरी द्रव्यं जास्त महत्त्वाची असावीत असं मानलं जातं.

याशिवाय नियमित व्यायामाने झोप सुधारते, रक्तदाब आणि साखर आटोक्यात राहते, मेंदूच्या पेशींना पोसणारी द्रव्यं वाढतात आणि 'आज मी एवढं तरी केलं' ही भावना परत येते.

पण नवख्या माणसाने एक लक्षात ठेवावं. ती धुंदी सराव झालेल्या माणसाला, बरंच धावल्यावर येते. पहिल्या आठवड्यात तुम्हाला काय येईल? पोटऱ्यांत गोळे आणि कंटाळा! आनंदाच्या आशेवर निघालात तर चौथ्या दिवशी घरी बसाल. हे पहिले आठवडे निभावून न्यायला दुसरं काहीतरी लागतं.

तेरा माणसं आणि एक बाग

आता लंडनला जाऊ. पॉल सिंटन-ह्युइट हे मूळचे आफ्रिकेत वाढलेले. लहानपण अनाथासारखं, वसतिशाळेत छळ सोसत गेलेलं. १९९० च्या दशकात ते मनाने पूर्ण कोसळले होते. त्यातून सावरताना धावण्याचा आधार झाला. २००४ मध्ये पायाला दुखापत झाल्याने तेही बंद पडलं. त्याच सुमारास नोकरी गेली. आपण पुन्हा त्याच खाईत जातोय, असं त्यांना वाटू लागलं.

त्यांना धावता येत नव्हतं, पण धावणारे मित्र तर हवे होते. म्हणून त्यांनी मित्रांना सांगितलं की दर शनिवारी सकाळी टेडिंग्टनच्या बुशी पार्कमध्ये या, ५ किलोमीटर धावा, मी वेळ मोजतो, मग बसून कॉफी पिऊ. २ ऑक्टोबर २००४ ला पहिल्यांदा १३ जण धावले. मदतीला मोजके लोक होते. शर्यत संपवणाऱ्याला क्रमांक देण्यासाठी हार्डवेअरच्या दुकानातले वॉशर वापरले होते.

सुरुवात एवढ्यावर झाली. आज 'पार्करन' या नावाने हा उपक्रम वीसहून अधिक देशांत चालतो. फी नाही, बक्षीस नाही. सगळ्यात शेवटी चालायला एक स्वयंसेवक मुद्दाम नेमलेला असतो, म्हणजे 'मी शेवटचा आलो' अशी लाज कुणालाच वाटायला नको. ज्याला धावायचं नाही त्याने चालावं, ज्याला चालायचंही नाही त्याने वेळ मोजावी. २०१७ मध्ये इंग्लंडमधल्या हॅव्हरिग तुरुंगात तो कैद्यांसाठी सुरू झाला. २०१८ पासून ब्रिटनमधल्या फॅमिली डॉक्टरांच्या रॉयल कॉलेजने या उपक्रमाशी हातमिळवणी केली आणि दवाखाने आपल्या भागातल्या शनिवारच्या गटाशी जोडले जाऊ लागले. डॉक्टर आता रुग्णाला नुसतं 'व्यायाम करा' म्हणून सोडत नव्हते. 'शनिवारी सकाळी नऊला अमुक बागेत जा, तिथे माणसं आहेत' असं सांगू शकत होते.

हा फरक छोटा वाटेल, पण नैराश्याच्या माणसाला तो फार मोठा आहे. 'व्यायाम करा' यात वीस निर्णय दडलेले असतात. कधी जायचं, कुठे, किती, कोणते बूट घालायचे, लोक हसले तर काय करायचं. थकलेल्या मनाला हे निर्णयच झेपत नाहीत. गटात गेलं की हे सगळं आधीच ठरलेलं असतं. आपण फक्त पोहोचायचं.

व्यसनातून उठताना

सोबतीची ताकद सगळ्यात आधी ओळखली ती व्यसनातून बाहेर पडू पाहणाऱ्यांनी. १९३५ साली अमेरिकेतल्या ॲक्रन गावात बिल विल्सन हा दारू सोडलेला शेअर दलाल कामासाठी गेला होता. काम फसलं आणि प्यायची तीव्र इच्छा झाली. त्याने दुसरा एखादा दारुडा शोधायला फोन फिरवले, कारण त्याच्याशी बोललो तर मी वाचेन, असं त्याला वाटलं. त्याला डॉ. बॉब स्मिथ हे शल्यचिकित्सक भेटले. त्या दोघांच्या भेटीतून 'अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस' उभी राहिली. तिच्या सभा आज आपल्या महाराष्ट्रातही गावोगावी होतात. पुण्यात १९८६ मध्ये डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या मदतीने 'मुक्तांगण' सुरू केलं. तिथेही व्यसनातून बाहेर आलेली माणसं नव्याने आलेल्यांना हात देतात.

सोबतीला धावण्याची जोड मिळाली ती फिलाडेल्फियात. हो, जिथे रुग्णांना एकटं झोपवून ठेवायचे डॉ. मिचेल होते, त्याच शहरात! ॲन मालम ही तरुणी रोज पहाटे धावायला जायची. वडिलांच्या व्यसनाने तिचं घर पोळलेलं होतं आणि त्या दिवसांत धावण्यानेच तिला सावरलं होतं. तिच्या वाटेवर बेघरांचा निवारा होता. बाहेर उभी असलेली माणसं तिला हात करायची, तीही हात करायची. एके दिवशी तिला वाटलं, मी यांच्या समोरून पळून पुढे जाते आणि ही माणसं तिथेच राहतात. हे काही बरोबर नाही.

तिने निवाऱ्याला विचारलं. जुलै २००७ मध्ये नऊ जणांना घेऊन पहिला गट धावला. 'बॅक ऑन माय फीट' असं नाव ठेवलं, म्हणजे 'पुन्हा आपल्या पायांवर'. सोमवार, बुधवार, शुक्रवार, पहाटे साडेपाच. आधी गोलात उभं राहायचं, एकमेकांना मिठी मारायची आणि निघायचं. तीस दिवसांत नव्वद टक्के हजेरी झाली की पुढचा टप्पा येतो. त्यात नोकरी, प्रशिक्षण आणि घर मिळवायला मदत केली जाते. किती वेगाने धावलास हे तिथे कुणी विचारत नाही. आलास का, एवढंच विचारतात. ज्याच्यावर वर्षानुवर्षं कुणी विश्वास ठेवलेला नाही, त्याची हजेरी वहीत मांडली जाते, आणि तीच त्याची पहिली कमाई असते.

२०१२ मध्ये असंच लॉस एंजलिसला घडलं. न्यायाधीश क्रेग मिचेल यांनी ज्याला तुरुंगात पाठवलं होतं, तो माणूस सुटून आल्यावर त्यांना भेटायला आला आणि तो राहत होता त्या निवाऱ्यात त्यांना घेऊन गेला. स्किड रो हा बेघरांचा भाग. न्यायाधीशांनी तिथे धावण्याचा गट सुरू केला. व्यसनातून, तुरुंगातून बाहेर आलेली माणसं शिक्षा देणाऱ्या हुद्द्यावरच्या माणसाबरोबर पहाटे धावू लागली. त्यातले काही जण पुढे आक्रा आणि रोमच्या मॅरेथॉन धावले. सगळेच सावरले असं नाही. काही जण पुन्हा व्यसनाकडे वळले. पण परत आले तर गट त्याच वेळी, त्याच जागी असायचा.

निम्मे लोक का गळतात?

आता अलीकडचा एक अभ्यास. नेदरलँड्समधल्या ॲमस्टरडॅम इथला हा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. नैराश्य किंवा चिंताविकार असलेल्या १४१ जणांना गोळी किंवा गटात धावणं, असे दोन पर्याय दिले. बहुतेकांनी आपला पर्याय स्वतः निवडला. ४५ जण गोळीच्या बाजूला होते आणि ९६ जण धावण्याच्या. सोळा आठवड्यांनी दोन्हीकडे सुमारे ४४ टक्के लोक आजारातून बाहेर आलेले होते. धावणाऱ्यांचं वजन, कमरेचा घेर आणि रक्तदाबही सुधारला होता.

पण ठरल्याप्रमाणे उपचार पूर्ण केले किती जणांनी? गोळीच्या गटात ८२ टक्के. धावण्याच्या गटात फक्त ५२ टक्के. हौसेने धावणं निवडलेल्यांतही, गट आणि देखरेख असतानाही, निम्मे गळाले.

हा आकडा मला सगळ्यात प्रामाणिक वाटतो. धावणं हे चांगलं औषध आहे, पण ते घ्यायला फार अवघड आहे. गोळी पाण्याबरोबर गिळता येते. धावायला मात्र रोज नव्याने दार उघडावं लागतं. म्हणून सोबत लागते. तुमच्या पायांना तिची गरज नसेलही, पण ज्या सकाळी तुम्हाला यावंसं वाटणार नाही त्या सकाळसाठी ती हवी. कोपऱ्यावर कुणीतरी उभं आहे आणि आपण नाही गेलो तर फोन येईल, एवढी जाणीव कित्येकदा पुरते.

मग तुम्ही काय कराल?

२०२४ मध्ये २१८ अभ्यास एकत्र करून काढलेल्या निष्कर्षात चालणं किंवा धावणं, योग आणि वजनं उचलण्याचे व्यायाम हे नैराश्यात जास्त उपयोगी दिसले. त्यातले बरेच पुरावे अजून कच्चे आहेत. तरी एवढं नक्की की तुम्हाला धावायचं नसेल तर धावू नका, चाला. भरभर चालण्यानेही भागतं.

- आधी माणूस ठरवा, मग व्यायाम. भाऊ, मैत्रीण, शेजारच्या काकू, कुणीही चालेल. वार आणि वेळ पक्की करा. आठवड्यातून तीन दिवस पुरेत.
- तयार गट शोधा. जवळच्या मैदानावर, बागेत पहाटे कुणी ना कुणी असतंच. १९९५ मध्ये मुंबईत डॉ. मदन कटारिया यांनी बागेत पाच जणांना घेऊन हास्यक्लब सुरू केला होता. आज ते जगभर आहेत. गट पाच जणांचाही पुरतो.
- हळू सुरू करा. पहिले दोन आठवडे फक्त दहा-पंधरा मिनिटं चाला. मग एक मिनिट हळू धावणं, दोन मिनिटं चालणं, असं करा. धावताना शेजारच्याशी बोलता आलं पाहिजे. बोलता येत नसेल तर वेग कमी करा.
- हजेरी मांडा, अंतर नको. कॅलेंडरवर गेलेल्या दिवसाला खूण करा. एखादा दिवस चुकला तर पुढच्या ठरल्या दिवशी जा. त्याची शिक्षा स्वतःला देऊ नका.
- घरच्यांनी 'तू जा' म्हणू नये, 'चल, मीही येतो' म्हणावं.

हे आधी डॉक्टरांना विचारा

हृदयविकार, छातीत दुखणं, चक्कर, मधुमेह, गुडघ्याचा त्रास असेल किंवा चाळिशीनंतर प्रथमच सुरू करत असाल तर तपासणी करून घ्या. अमेरिकेत धावण्याची लाट घरोघरी नेणाऱ्या पुस्तकाचे लेखक जिम फिक्स १९८४ मध्ये धावतानाच हृदयविकाराने वारले. वय होतं ५२. धावणं हृदयाला चांगलं आहे, पण आधीपासून असलेला आजार त्याने आपोआप जात नाही.

लिथियम घेत असाल तर जास्त घाम गेल्याने आणि पाणी कमी पडल्याने रक्तातलं लिथियम धोकादायक पातळीपर्यंत वाढू शकतं. उन्हात धावू नका, पाणी पीत राहा, डॉक्टरांना कल्पना द्या. मनोविकाराच्या आणखी काही औषधांमुळे उष्णता सहन होत नाही, त्यांचीही विचारणा करा. उलट बाजूही पाहा. जेवण टाळून धावणं, दुखापतीतही थांबता न येणं, झोप न घेता अफाट उत्साहाने पळत सुटणं, ही आजाराचीच लक्षणं असू शकतात.

आणि जगणं नको वाटत असेल, स्वतःला संपवण्याचे विचार येत असतील तर बूट शोधत बसू नका. आत्ता कुणाला तरी सांगा. सरकारच्या 'टेलि-मानस' सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो. फोन मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं.

सुरुवातीच्या त्या प्रश्नाकडे परत येऊ. 'उठवतच नाही तर धावणार कुठून?' यावर मी आता रुग्णाला धावायला सांगत नाही. मी विचारतो, "तुमच्याबरोबर कोपऱ्यापर्यंत चालत येईल असं कोण आहे?" बहुतेकांना एक तरी नाव आठवतं. ते नाव मी कागदावर लिहितो, त्याखाली वार आणि वेळ लिहितो. मग पुढच्या ओळीवर गोळ्या लिहितो.

तुम्हाला आत्ता कुणाचं नाव आठवलं? आज संध्याकाळी त्यांना एक फोन करा.